सातारच्या दप्तरांचा राखणदार

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. ही वाघनखे ज्या पेटीतून आली, त्या पेटीवरील मजकुरानुसार ती साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला मिळाली होती आणि त्याच्याबरोबर ती इंग्लंडला गेली. ती शिवछत्रपतींचीच आहेत काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र त्या पेटीने एक जुनीच गोष्ट नव्याने आठवून दिली. मराठ्यांच्या राजधानीतील मौल्यवान वस्तू, चित्रे आणि कागद एकोणिसाव्या शतकात चहूदिशांना पांगले. काही समुद्रापार गेले, काही वाळवीने खाल्ले, काही रद्दीत विकले गेले. या पांगापांगीला आपल्या परीने बांध घालणारा एक माणूस साताऱ्यातच होऊन गेला. त्याचे नाव रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस.

इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. एकेकाळी ते मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचलेले होते. आज मात्र सामान्य वाचक राजवाडे यांना ओळखतो, सरदेसाई यांना ओळखतो आणि पारसनीस यांच्यापाशी थोडा अडखळतो. जुन्या वस्तू जमवणे, त्या जपणे आणि त्यांचा अर्थ लावणे यासाठी एखाद्या माणसाने उभे आयुष्य कसे वेचले आणि त्या आयुष्यभराच्या संग्रहाचे पुढे काय झाले, हे समजून घ्यायचे तर पारसनिसांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

राज्य गेलेली राजधानी

पारसनीस यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० रोजी झाला. सातारचे राज्य इंग्रजांनी खालसा केले त्याला तेव्हा अवघी बावीस वर्षे झाली होती. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले, १८४८ मध्ये दत्तकाचा हक्क नाकारून राज्यच संपवण्यात आले. पारसनिसांच्या बालपणी साताऱ्यात असे अनेक वृद्ध हयात होते की ज्यांनी छत्रपतींचा दरबार डोळ्यांनी पाहिला होता. राजवाडे होते, पण त्यांत राजे नव्हते. सरदारांचे वाडे होते, पण सरदारी उरली नव्हती. मात्र या वाड्यांच्या माळ्यांवर आणि तळघरांत, मळकट कापडाच्या रुमालांत बांधलेले एक राज्य अजून शिल्लक होते. ते म्हणजे दप्तरांचे राज्य.

घराण्यात लिहिण्यावाचण्याची परंपरा असल्याची साक्ष त्यांचे आडनावच देते. फारसी लेखनाचे काम करणारा तो पारसनीस. दरबारांचा पत्रव्यवहार फारसीत चाले त्या काळातील हा हुद्दा पुढे आडनाव होऊन राहिला. दत्तात्रय बळवंतांना उच्च शिक्षणाची मोठी पदवी लाभली नाही. पण लेखनाची आणि संपादनाची ओढ इतकी तीव्र की वयाची विशी गाठण्याआधीच त्यांनी ‘महाराष्ट्र कोकिळ’ नावाचे मासिक साताऱ्यातून सुरू केले. त्या वयातील तरुण साधारणपणे कविता किंवा कादंबरीकडे वळतात. पारसनिसांचे लक्ष मात्र हळूहळू जुन्या पत्रांवर, वंशावळींवर आणि वृद्धांच्या आठवणींवर स्थिरावले.

झाशीच्या राणीचे चरित्र

१८९४ मध्ये त्यांनी लिहिलेले झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा ते चोवीस वर्षांचेही नव्हते. आज राणीचे नाव शालेय पुस्तकांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र आहे. त्या काळी परिस्थिती अगदी वेगळी होती. १८५७ च्या उठावाला चाळीस वर्षेही उलटली नव्हती, राणीच्या माथी झाशीतील इंग्रजांच्या हत्याकांडाचा आरोप होता आणि बहुतेक लेखन इंग्रजांच्या बाजूने झालेले होते. अशा वेळी तिचे विस्तृत चरित्र मराठीत लिहिणे हे धाडसच होते.

राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव त्या वेळी इंदूरला हयात होते. झाशीच्या गादीचा हा वारस इंग्रजांच्या तुटपुंज्या तनख्यावर दिवस काढत होता. पारसनिसांनी त्यांच्याकडील माहिती मिळवली. मार्टिन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८८९ मध्ये दामोदररावांना लिहिलेले एक पत्र त्यांनी चरित्रात छापले. झाशीच्या हत्याकांडाशी राणीचा संबंध नव्हता, असे या पत्राचे सांगणे. तेव्हापासून आजपर्यंत लक्ष्मीबाईंवर लिहिणाऱ्या बहुतेक इतिहासकारांना या पत्राची दखल घ्यावी लागली आहे. ते कितपत विश्वसनीय मानावे यावर वाद झाले, पण ते उपलब्ध तरी झाले, याचे श्रेय साताऱ्याच्या या तरुणाला द्यावे लागते. कागद हाती असेल तरच त्यावर वाद घालता येतो, हे सूत्र पारसनिसांना फार लवकर उमगले होते.

रुमालात बांधलेला काळ

ही दप्तरे म्हणजे नेमके काय, हे आजच्या वाचकाला थोडे समजावून सांगायला हवे. मराठेशाहीतील कागद बहुतांशी हातकागदावर, बोरूने, काजळीच्या शाईने आणि मोडी लिपीत लिहिलेले. लेखणी न उचलता झरझर लिहिता यावे अशी ही लिपी. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही. एकाच अक्षराची वळणे लेखकागणिक निराळी. लांबच लांब कागद एकापुढे एक चिकटवून त्याची गुंडाळी केलेली. असे शेकडो कागद एका चौकोनी कापडात बांधले की त्याचा रुमाल होतो, आणि असे अनेक रुमाल मिळून एखाद्या घराण्याचे दप्तर तयार होते.

वाचता आले तरी काम संपत नाही. खासगी पत्रांवर बहुधा तिथी असते किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो, पण वर्ष लिहिलेले नसते. सरकारी कागदांवर वर्ष असते, तेही अरबी शब्दांत. इसन्ने सबैन मया व अलफ असे लिहिलेले असेल तर ते सुहूर सन ११७२, म्हणजे इसवी सन १७७१-७२, हे जाणकाराला उलगडावे लागते. वर्ष नसलेल्या पत्राचा काळ ठरवायचा तर पत्रातील माणसे, मुक्कामाची गावे, लढायांचे उल्लेख आणि पंचांग यांचा मेळ घालावा लागतो. एक पत्र चुकीच्या वर्षी लावले की एखादी मोहीम, एखादा तह सारा उलटापालटा होऊन बसतो.

त्यात कागदांचे शत्रू अनेक. काजळीची शाई टिकाऊ, पण पाण्याचा थेंब पडला की ती पसरते. पावसाळी ओल, वाळवी, कसर आणि उंदीर यांनी कित्येक घराण्यांची दप्तरे संपवली. वर्षानुवर्षे घडी घातलेला कागद घडीवरच तुटतो, आणि नेमके त्या तुटलेल्या ओळीत एखादे नाव असते. त्याहून मोठा शत्रू होता माणसाची अनास्था. वतने आणि इनामे यांच्या चौकशा संपल्या, तसे अनेक घराण्यांना आजोबांचे कागद म्हणजे अडगळ वाटू लागले. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी आणि न्हाणीघरात बंब पेटवण्यासाठी जुने कागद वापरले गेले, याच्या कहाण्या त्या पिढीच्या संशोधकांनी वारंवार सांगितल्या आहेत. उलट काही घराण्यांना भीती वाटे की कागद बाहेर गेले तर वतनावर गदा येईल. त्यामुळे काही जण कागद विकून टाकत, तर काही जण कोणालाही दाखवत नसत. संग्राहकाला या दोन्ही टोकांमधून वाट काढावी लागे.

एका ध्येयाचे तीन वाटसरू

पारसनीस या कामात एकटे नव्हते. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या पिढीने ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून जुने कागद छापण्याचा पायंडा पाडला होता. पुढच्या पिढीत ही धुरा मुख्यतः तिघांनी वाहिली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, मिरजेचे वासुदेव वामन खरे आणि साताऱ्याचे पारसनीस. ध्येय एकच, पण तिघांच्या वाटा इतक्या भिन्न की त्यांची तुलना केल्यावाचून पारसनिसांचे वेगळेपण ध्यानात येत नाही.

राजवाडे हे भटके संशोधक. वाईत मिळालेल्या कागदांतून त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे या मालेचे बावीस खंड झाले. सरकारी कृपेपासून ते कटाक्षाने दूर राहिले आणि लेखन मराठीतच केले. त्यांच्या प्रेरणेने १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेत खरेशास्त्री हे शाळेत संस्कृत शिकवत. पटवर्धन सरदारांच्या घराण्यातील पत्रव्यवहार त्यांना मिळाला आणि त्यांनी त्याचा आयुष्यभर ध्यास घेतला. पटवर्धन म्हणजे कर्नाटकच्या सीमेवरील पेशव्यांचे खांब. हैदर, टिपू, निजाम आणि इंग्रज या साऱ्यांशी त्यांची गाठ पडलेली. मोहिमेवरून घरी लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत पेशवाईच्या उत्तरार्धाचा जणू रोजनामचाच सापडतो. खऱ्यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ही पत्रे कालक्रमाने छापण्यास प्रारंभ केला. प्रत्येक प्रकरणाआधी त्यांनी मार्मिक प्रस्तावना लिहिल्या. शिक्षकाच्या पगारात हा खटाटोप न परवडणारा होता, तरीही त्यांनी पदरमोड करून तो चालवला.

पारसनीस यांचा पिंड या दोघांहून निराळा होता. मोठ्या लोकांशी स्नेह जोडणे, संस्थानिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या दिवाणखान्यात वावरणे, विश्वास संपादन करून बंद कपाटे उघडून घेणे ही त्यांची हातोटी. राजवाडे कागदासाठी भांडत, खरे कागदाशी एकनिष्ठ राहत, तर पारसनीस कागदाच्या धन्याला जिंकून घेत. शिवाय त्यांची दृष्टी केवळ कागदापुरती नव्हती. जुनी चित्रे, तसबिरी आणि दुर्मिळ पुस्तके हे सारे त्यांच्या संग्रहात गोळा होत गेले. एखाद्या मुत्सद्द्याचे पत्र हाती आले की त्याची तसबीरही मिळावी, अशी त्यांची ओढ असे. साताऱ्यातील त्यांचा ‘हॅपी व्हेल’ हा बंगला अशा वस्तूंचे माहेरघर बनला.

मेणवलीचे भांडार

पारसनिसांच्या संग्रहातील सर्वांत मोलाचा ठेवा आला तो वाईजवळच्या मेणवलीहून. कृष्णाकाठच्या या छोट्याशा गावात नाना फडणवीस यांनी वाडा आणि घाट बांधला. घाटावरील देवळापाशी टांगलेली पोर्तुगीज घंटा आणि वाड्यातील भित्तिचित्रे पाहण्यासाठी आजही पर्यटक तेथे जातात. मात्र मेणवलीची खरी संपत्ती होती ती नानांचे दप्तर.

अठराव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात राज्यकारभाराची सूत्रे मुख्यतः नानांच्या हाती होती. दिल्ली, हैदराबाद, नागपूर, ग्वाल्हेर, श्रीरंगपट्टण अशा सर्व दरबारांतील वकील आपली बातमीपत्रे त्यांच्याकडे पाठवत. १३ मार्च १८०० रोजी नानांचा अंत झाला. पेशवाई बुडाल्यानंतर त्यांच्या पत्नी जिऊबाई मेणवलीत येऊन राहिल्या. राज्याचे अधिकृत दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण नानांच्या घरी राहिलेला हा पत्रव्यवहार मात्र वाड्यातच राहिला. ज्या काळात पुण्याच्या पेशवे दप्तराचे दरवाजे सामान्य अभ्यासकाला बंद होते, त्या काळात मेणवलीचे हे कागद म्हणजे पेशवाईच्या अंतरंगात शिरण्याची दुसरी वाटच होती.

हे दप्तर पारसनिसांच्या हाती आले आणि त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र एकदम विस्तारले. आता ते केवळ एखाद्या घराण्याची हकीकत सांगणारे लेखक राहिले नाहीत. अठराव्या शतकातील हिंदुस्थानच्या राजकारणाची किल्लीच त्यांच्यापाशी आली होती.

इतिहास वाचकाच्या दारी

संग्रह करून कपाटाला कुलूप लावणारे अनेक असतात. पारसनीस यांना छापण्याची हौस तितकीच दांडगी होती. १८९८ च्या सुमारास त्यांनी ‘भारतवर्ष’ हे मासिक काढले. १९०० मध्ये ‘ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर’ हा ग्रंथ आला. साताऱ्याजवळच्या धावडशीचे हे स्वामी पेशव्यांचे आणि अनेक सरदारांचे गुरू, शिवाय सावकारही. त्यांच्या पत्रव्यवहारातून शाहूकालीन समाजाचे मोठे मनोज्ञ दर्शन घडते. पुढे याच स्वामींच्या योग्यतेविषयी राजवाडे यांनी फार कठोर मत मांडले आणि इतिहासप्रेमींत खल झाला. ‘बायजाबाई शिंदे’, ‘मराठ्यांचे आरमार’ अशा पुस्तकांतून त्यांनी इतरांच्या नजरेतून सुटलेले विषय हाताळले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशींतून काढलेले उतारे छापण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. मुंबईचे पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्या साह्याने त्यांनी तहनामे, सनदापत्रे आणि कैफियती प्रकाशात आणल्या.

१९०८ मध्ये सुरू झालेला ‘इतिहाससंग्रह’ हा त्यांच्या संपादकीय कारकिर्दीचा कळस. या मासिकातून महेश्वर दरबारची बातमीपत्रे प्रसिद्ध झाली, आणि अहिल्याबाई होळकरांच्या दरबारी वार्ता शंभर वर्षांनी मराठी वाचकाला वाचायला मिळाल्या. दिल्लीतील मराठ्यांच्या राजकारणाचे कागद प्रसिद्ध झाले, आणि बादशहाच्या राजधानीत मराठी वकील कसा वावरत होता, कोणाला काय देत होता, कोणावर विश्वास ठेवत होता, हे त्याच्याच लेखणीतून समजले. पानिपतानंतर मराठे संपले, हा समज अशा कागदांनी खोडून काढला.

सांगलीशीही त्यांच्या लेखणीचा संबंध आला. १९१७ मध्ये त्यांनी सांगली संस्थानावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मिरजेच्या जहागिरीवरून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचे चुलते गंगाधररावांशी पटेनासे झाले, आणि १८०१ मध्ये त्यांनी कृष्णाकाठी सांगलीला आपले वेगळे ठाणे केले. तोवर लहानसे असलेले हे गाव पुढे राजधानी झाले आणि गणपती हे त्याचे दैवत. या घराण्याचा इतिहास पारसनिसांनी त्या पुस्तकात संस्थानिकांना आणि इंग्रज वाचकांना समजेल अशा रीतीने मांडला. ज्या पटवर्धनांची पत्रे मिरजेत खरेशास्त्री एकेक करून जुळवत होते, त्याच पटवर्धनांची ही दरबारी बाजू. एकाच घराण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी शेजारी ठेवल्या की दोन्ही संशोधकांचे स्वभाव लख्ख दिसतात. महाबळेश्वर आणि जुने पुणे यांवरही पारसनिसांनी इंग्रजीत सचित्र पुस्तके लिहिली. जुन्या पुण्यावरचे पुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही पुण्याच्या अभ्यासकांना ते उपयोगी पडते.

साहेबाची मैत्री आणि तिची किंमत

पारसनीस यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा अध्याय म्हणजे चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांच्याशी झालेला स्नेह. किंकेड हे आयसीएस अधिकारी, न्यायाधीश आणि लेखक. दोघेही १८७० मध्ये जन्मलेले. किंकेड यांना मराठी लोककथांची आणि इतिहासाची गोडी होती, पारसनिसांकडे साधनांचे भांडार होते. या सहकार्यातून मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेतर्फे १९१८, १९२२ आणि १९२५ मध्ये बाहेर पडले. ग्रँट डफचा इतिहास १८२६ मध्ये निघाला होता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी एका मराठी संशोधकाचे नाव अशा इंग्रजी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर सहलेखक म्हणून झळकले. लेखन मुख्यतः किंकेड यांचे आणि साधने पारसनिसांची, अशी ही विभागणी होती. ग्रंथ वाचनीय झाला. बखरी आणि दंतकथा यांवर अधिक भिस्त ठेवल्याचा दोष मात्र चिकित्सक अभ्यासकांनी त्याला दिला.

सरकारदरबारचा हा वावर त्या काळच्या महाराष्ट्रात सर्वांना रुचणारा नव्हता. स्वदेशी आणि स्वराज्य यांच्या चळवळींनी समाज ढवळून निघत असताना मराठ्यांच्या इतिहासाचा संशोधक रावबहादूर व्हावा, हे अनेकांना खटकले. राजवाडे यांच्या करारी वृत्तीशी पारसनिसांची तुलना होणे अटळ होते, आणि त्या तुलनेत लोकांचे प्रेम राजवाड्यांच्या पदरी पडले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. अस्सल साधने एका माणसाच्या खासगी मालकीची असली की इतरांना ती पाहण्यासाठी त्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. छापलेला उतारा अस्सल कागदाशी ताडून पाहता येत नाही. निवड करणारा जे निवडतो तेवढाच इतिहास लोकांपुढे येतो. हा आक्षेप केवळ पारसनिसांना नव्हे, तर जगातील प्रत्येक खासगी संग्राहकाला लागू पडतो. पण त्यांच्यापाशी असलेला ठेवा इतका मोठा होता की त्यांच्या बाबतीत तो अधिक तीव्रतेने जाणवला.

या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे. त्या काळी कागद राखण्यासाठी पैसा, जागा आणि वजन या तिन्ही गोष्टी लागत. राजवाडे यांच्याकडे निष्ठा होती, पण स्वतःचे घर म्हणावे असे स्थैर्य नव्हते. खरे यांच्याकडे विद्वत्ता होती, पण पैसा नव्हता. पारसनिसांनी सत्तेशी जुळवून घेतले आणि त्या बदल्यात संग्रहाला छप्पर मिळवून दिले. हा व्यवहार योग्य की अयोग्य, याचा निवाडा आज करणे सोपे आहे. वाळवी मात्र निवाड्याची वाट पाहत थांबत नसते.

संग्रहालय साताऱ्यात, मुक्काम पुण्यात

आयुष्याच्या उत्तरार्धात पारसनिसांना आपल्यामागे या संग्रहाचे काय होणार, ही चिंता पडली असल्यास नवल नाही. संग्राहकाच्या निधनानंतर वारसांत वाटण्या होतात, एकेक वस्तू विकली जाते आणि आयुष्यभराची जुळणी दहा वर्षांत विस्कटते, हे त्यांनी इतरांच्या घरी पाहिले होते. किंबहुना अशा विस्कटलेल्या घरांतूनच त्यांचा स्वतःचा संग्रह उभा राहिला होता. हा संग्रह सार्वजनिक व्हावा, तो साताऱ्यातच राहावा आणि त्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, या दिशेने प्रयत्न झाले आणि १९२५ च्या सुमारास साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय आकाराला आले. छत्रपतींच्या राजधानीत मराठ्यांच्या इतिहासाचे संग्रहालय, ही कल्पनाच मोठी भव्य होती.

दुर्दैवाने त्याचे वैभव पाहण्यास पारसनीस फार काळ राहिले नाहीत. ३१ मार्च १९२६ रोजी वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. खरेशास्त्री १९२४ मध्ये गेले होते. १९२६ च्या डिसेंबर अखेरीस राजवाडेही निवर्तले. अवघ्या अडीच वर्षांत मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करणारी ही त्रयी काळाच्या पडद्याआड गेली.

सातारच्या संग्रहालयाचे पुढे काय झाले, ही गोष्ट सातारकरांना हुरहूर लावणारी आहे. एखादी संस्था उभारणे वेगळे आणि तिच्यात अभ्यासकांची वर्दळ राखणे वेगळे. त्या काळी ग्रंथालये आणि संशोधक यांचे केंद्र पुणे होते. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी पारसनीस संग्रह साताऱ्याहून तेथे हलवण्यात आला. ज्या गावात राहून एका माणसाने हे धन मिळवले, त्या गावाच्या हातून ते निसटले.

तरीही न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर पुण्यात त्या कागदांना नवे आयुष्य लाभले, हेही मान्य करावे लागते. डेक्कन कॉलेजात मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापक म्हणून त्र्यंबक शंकर शेजवलकर यांच्यासारखा चिकित्सक आणि निर्भीड इतिहासकार आला. मेणवली दप्तरातील नागपूरविषयक पत्रांचे दोन खंड त्यांनी संपादित केले आणि ते १९५४ व १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीहून आलेली फारसी बातमीपत्रे पारसनीस संग्रहात होती. इतिहासाचार्य जदुनाथ सरकार यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १७६१ ते १७८८ या काळातील दिल्लीच्या घडामोडींचा तो खंड १९५३ मध्ये, पारसनीस संग्रहाच्या नावानिशी, मुंबईत प्रसिद्ध झाला. पारसनीस जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. ज्या घराण्याचे आडनावच फारसी लेखनाच्या हुद्द्यावरून पडले, त्या घराण्यातील माणसाने राखलेली फारसी पत्रे अशा रीतीने जगापुढे आली.

राखणदाराचे ऋण

पारसनीस यांना इतिहासकार म्हणावे की संग्राहक, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. राजवाडे यांच्यासारखी सिद्धांत मांडणारी प्रतिभा त्यांच्यापाशी नव्हती, खरे यांच्यासारखी पत्रापत्रांचे धागे विणणारी चिकाटीही त्यांच्या लेखनात तेवढी दिसत नाही. त्यांची प्रतिभा होती ती ओळखण्यात. रद्दीच्या ढिगाऱ्यातील कोणता कागद मोलाचा आणि कोणत्या वाड्याच्या माळ्यावर काय पडले असेल, हे त्यांना नेमके कळे. धन्याचे मन कसे वळवावे, याचेही भान त्यांना होते. या ओळखीमागे अफाट वाचन होते आणि माणसांची पारख होती.

त्यांच्या आणि मिरजेच्या खऱ्यांच्या कामाकडे आज एकत्र पाहिले की जतनाचे दोन मार्ग स्पष्ट होतात. अस्सल वस्तू सांभाळणे हा एक, आणि तिचा मजकूर छापून हजारो ठिकाणी पोहोचवणे हा दुसरा. छापलेले पुस्तक एका जागी जळाले तरी दुसऱ्या जागी उरते. अस्सल कागद मात्र एकदा गेला की गेला. तरीही अस्सल कागदावरील अक्षराचे वळण, मोर्तबाचा शिक्का, समासात घाईने लिहिलेली ओळ आणि खोडलेला शब्द हे छपाईत उतरत नाही. म्हणून दोन्ही मार्ग हवेत. पारसनिसांनी आपल्या परीने दोन्ही चोखाळले आणि अखेरीस खासगी कपाटातील धन सार्वजनिक हाती पोहोचले.

आज मोडी वाचणाऱ्यांची संख्या मोजकी आहे. सातारा, वाई, मिरज, सांगली या परिसरातील कित्येक घरांत अजूनही एखादा रुमाल माळ्यावर पडून आहे. वाडे पाडून इमारती उभारल्या जात असताना त्या रुमालांचे भवितव्य एका दिवसात ठरते. घरातील थोरांना ते कागद वाचता येत नाहीत, धाकट्यांना ते काय आहेत हेच माहीत नसते. शंभर वर्षांपूर्वी अशा दाराशी एक रावबहादूर येऊन उभा राहत असे, गोडीगुलाबीने बोलत असे आणि रुमाल सोडून पाहण्याची परवानगी मागत असे. त्याच्या मैत्रीविषयी, त्याच्या निवडीविषयी आणि त्याच्या पदवीविषयी कोणाचे काहीही मत असो, त्याने जे मागून नेले ते आज शिल्लक आहे. त्याच्या हाती जे लागले नाही, त्यातले किती उरले, हे ज्याने त्याने आपापल्या माळ्यावर चढून पाहावे.